आहार आणि मुलांमधील अवधान-अस्थिरता

लक्ष न टिकणे, सततची चुळबुळ आणि विचाराआधी कृती ही लक्षणे वयाच्या मानाने जास्त, सहा महिन्यांहून अधिक काळ आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसली, तर त्या अवस्थेला वैद्यकात एडीएचडी म्हणतात. ती आहाराने आटोक्यात येते, हा विचार सॅन फ्रान्सिस्कोचे ॲलर्जीतज्ज्ञ बेंजामिन फाइनगोल्ड यांनी १९७३ मध्ये मांडला. त्यांचा मूळ दावा नियंत्रित चाचण्यांत तितका टिकला नाही. कृत्रिम रंगांपुरते मात्र त्यात तथ्य निघाले. २००७ मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठाने सुमारे ३०० मुलांना रंग व सोडियम बेंझोएट घातलेले पेय आणि तसेच दिसणारे साधे पेय आलटूनपालटून दिले. रंगाच्या पेयाने चंचलता थोडी वाढली, आणि ही मुले निदान झालेली नव्हे, सर्वसाधारण होती. जुलै २०१० पासून युरोपीय संघात अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. त्यांपैकी टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो ४आर भारतात ठरावीक पदार्थांत, मर्यादेत चालतात. मेटॅनिल यलो या पिवळ्या रंगाला मात्र खाद्यपदार्थांत पूर्ण बंदी आहे.

साखर या बाबतीत निर्दोष आहे. १९९४ मधील एका प्रयोगात सर्व मुलांना साखर नसलेलेच पेय दिले, पण निम्म्या आयांना ‘साखर दिली’ असे सांगितले. त्याच आयांना आपली मुले जास्त चंचल वाटली. गोड पदार्थांनाही हेच लागू. मध्य प्रदेशातील तापीकाठच्या बऱ्हाणपूरची मावा जिलेबी प्रसिद्ध आहे. तिचा तपकिरी रंग खवा तळल्याने येतो. दात आणि वजन यांसाठी ती बेतानेच द्यावी, पण मुलाच्या चुळबुळीचे खापर तिच्यावर फोडू नये.

बऱ्हाणपूरच्या भागात सर्वांत आधी पाहायला हवे ते लोह. लक्ष टिकवण्यास मदत करणारे डोपामिन मेंदूत तयार करणाऱ्या विकराला लोह लागते, आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ७२.७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाने मूल थकते, त्याचे लक्ष उडते, आणि वर्गात त्याला ‘लक्ष नाही’ म्हणून ओरडा बसतो. म्हणून हिमोग्लोबिन व फेरिटिनची (शरीरातील लोहसाठ्याची) तपासणी अगोदर, पथ्य मागाहून. केळे बऱ्हाणपूरचे मुख्य पीक. पोट भरते, पण त्यात लोह नगण्य. त्यामुळे ताटात ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी आणि वर लिंबू पिळलेले असावे. जेवणासोबतचा चहा लोहाचे शोषण रोखतो, तो मुलांना देऊ नये. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला मिळणारी लोहाची गुलाबी गोळी टाळू नये.

मोजकेच पदार्थ ठेवणाऱ्या कडक पथ्याने नेदरलँड्स-बेल्जियममधील २०११ च्या अभ्यासात ५० पैकी ३२ मुलांत सुधारणा दिसली. पण आपण काय बदलतो आहोत हे पालकांना ठाऊक होते, त्यामुळे हा आकडा जपून घ्यावा. शाकाहारी घरात गहू, दूध, डाळ एकदम काढली तर मुलाच्या ताटात प्रथिने फार कमी उरतात. असे पथ्य आहारतज्ज्ञाविना करणे धोक्याचे. घरी करता येण्याजोगे काम छोटे आहे: वहीत रोजचे खाणे आणि वागणे लिहावे, संशयित पदार्थ एकच, दोन-तीन आठवडे बंद ठेवावा आणि मग पुन्हा देऊन पाहावा. चालू औषध मात्र अशा प्रयोगासाठी परस्पर थांबवू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत एडीएचडीचा समावेश आहे. शाळेत येणाऱ्या त्या पथकाला पालकांनी आपली शंका सांगावी. मुलाला पुढच्या तपासणीसाठी कुठे न्यायचे, ते पथकच सांगते.