जुहूची धावपट्टी : पाऊस, भरती आणि वैमानिकास मिळणारी माहिती

भारतीय हवाई वाहतुकीचा इतिहास १५ ऑक्टोबर १९३२ या दिवसापासून सांगण्याचा प्रघात आहे. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे पस मॉथ विमानाने टपाल आणून मुंबईत जुहू येथे उतरविले व नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. वैमानिकाच्या साहसाचे वर्णन बहुतेक लेखनात आढळते; जमिनीचा विचार मात्र अभावानेच झालेला दिसतो.

जुहूचे मैदान १९२८ मध्ये विमानांसाठी वापरात आले. ते समुद्रकाठची चिखलट, सखल जागा होती. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी मैदानापेक्षा उंच असे आणि पावसाळ्यात धावपट्टी पाण्याखाली जाई. वैमानिकाजवळ बिनतारी यंत्र नसल्याने वाटेतील बदलते हवामान किंवा उतरण्याच्या जागेची स्थिती त्यास उड्डाणानंतर कळण्याचा मार्गच नव्हता. परिणामी पावसाळ्यात सर्व बिऱ्हाड पुण्यास हलवून येरवडा तुरुंगालगत तयार केलेल्या मैदानावरून सेवा चालविली जाई. थोडक्यात, वेळापत्रक ऋतूच ठरवीत असे. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय १९२८ पासून पुण्यातच होते, हा योगायोग लक्षणीय होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, प्रवासी वाहतूक सांताक्रूझला गेली. तथापि, जुहूचा प्रश्न मिटला नाही. त्याचे स्वरूप बदलले. धावपट्टीस तिच्या चुंबकीय दिशेच्या अंशांस दहाने भागून, पूर्णांकात क्रमांक दिला जातो. जुहूच्या मुख्य धावपट्टीचा क्रमांक ०८/२६, तर सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीचा ०९/२७. दोन्ही जवळपास एकाच दिशेच्या, अंतर अवघे काही किलोमीटर; लांबी मात्र अगदी भिन्न. जुहूची धावपट्टी सुमारे ११०० मीटरच आहे. १५ जुलै १९५३ रोजी, म्हणजे ऐन पावसाळ्यात, बीओएसीचे कॉमेट जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. ते सुखरूप राहिले व काही दिवसांनी तेथूनच उडविण्यात आले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाकडून तीच चूक घडली. ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले. जीवितहानी झाली नाही, हे सुदैवच म्हणावे लागेल.

१९३२ मध्ये माहिती मिळतच नव्हती. १९७२ मध्ये बिनतारी संदेश, नियंत्रण मनोरा व हवामानवृत्त हे सर्व उपलब्ध होते. परंतु ते वृत्त ज्या धावपट्टीचे होते, तीच समोर दिसत आहे काय, याची खातरजमा अखेर वैमानिकाच्या डोळ्यांनाच करावी लागे.