झांबेझीवरची होडी

2024 साली एका प्रोजेक्टसाठी मी तीन महिने झांबियात, लुसाकाला होतो. लंडनहून निघताना बायकोने बॅगेत मलेरियाच्या गोळ्या, मेतकूट आणि मॅगीची पाकिटं भरली होती, पण तिथे खरी गरज पडली ती मेणबत्त्यांची! पाऊस दगा देऊन गेलेला, कारिबा धरणातलं पाणी तळाला लागलेलं, त्यामुळे दिवसातला बराचसा वेळ वीजच नसे. पुण्यात वाढलेल्या माणसाला लोडशेडिंग हा शब्द नवा नाही. पण त्या शब्दाचा धागा पकडून मी एक दिवस दीडशे वर्षं मागे जाऊन पोचेन, असं मात्र वाटलं नव्हतं. मंडळी, मी पडलो कॉम्प्युटर इंजिनियर. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या पेपरापर्यंतचा. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

झालं असं, की ऑफिसातल्या दोघांबरोबर एका लाँग वीकेंडला झांबेझी नदीवर कनू सफारीला गेलो. कनू म्हणजे दोघांनी वल्हवायची निमुळती होडी. चिरुंडूला नदीवर ऑटो बाइट नावाचा 1939 सालचा झुलता पूल आहे आणि शेजारी 2002 चा नवा. पूल ओलांडला की झिंबाब्वे. तिथून होडीत बसायचं आणि तीन रात्री, चार दिवस प्रवाहाबरोबर माना पूल्सच्या अभयारण्यापर्यंत जायचं. डावीकडे झांबिया, उजवीकडे झिंबाब्वे. रात्री वाळूच्या बेटावर तंबू.

निघण्यापूर्वी गाइडने नियम सांगितले. त्याच्या मागे एका रांगेत राहायचं. हात पाण्यात सोडायचा नाही, मगरी असतात. आणि पाणघोड्यांना खोल पाण्याकडे जायची वाट मोकळी ठेवायची, आपण काठाच्या उथळ बाजूने जायचं. अधूनमधून तो वल्ह्याने होडीच्या कडेवर टकटक करायचा. पाण्याखाली पाणघोडा असेल तर आवाज ऐकून डोकं वर काढतो, आणि तो कुठे आहे हे एकदा कळलं की मग भीती कमी. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरला पिंग करण्यातला प्रकार! फक्त इथे उत्तर आलं की पोटात गोळा येतो.

या पाण्यातून होडीने जाणाऱ्या पाहुण्यांत डेव्हिड लिव्हिंगस्टन जुना. 1855 च्या नोव्हेंबरमध्ये कोलोलो नावाड्यांनी त्याला होडीतून नेऊन धबधब्याच्या अगदी कड्यावरच्या बेटावर उतरवलं. धबधब्याला तिथले लोक मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गर्जणारा धूर म्हणत. याने त्याला व्हिक्टोरिया राणीचं नाव दिलं. इथवर आपण शाळेत शिकलेलो असतो. पुढची गोष्ट मात्र मला माहीत नव्हती. ही नदी म्हणजे समुद्रातून आफ्रिकेच्या पोटात जाणारा हमरस्ता आहे, असं त्याने इंग्लंडला जाऊन सांगितलं. सरकारने पैसे दिले, आगबोट दिली. 1858 मध्ये ती आगबोट घेऊन तो आला आणि काहोरा बासाच्या धावत्या पाण्यापाशी अडकला. कारण 1856 मध्ये समुद्राकडे जाताना नेमका हाच तुकडा टाळून तो जमिनीवरून गेला होता! डोळ्यांनी न पाहिलेल्या भागाबद्दल क्लायंटला खात्री देऊन बसलेले लोक मी माझ्या धंद्यातही पाहिले आहेत. (एकदा तो मीच होतो. असो.)

1860 मध्ये तो आणि त्याचा सहकारी डॉ. जॉन कर्क टोंगा लोकांच्या मुलखात होड्या घेऊन कारिबाच्या घळीतून खाली आले. म्हणजे आम्ही चाललो होतो त्याच वाटेने. पुढे काहोरा बासाला कर्कची होडी उलटली. तो वाचला, पण त्याच्या वह्या आणि वनस्पतींची चित्रं वाहून गेली.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. मोहीम गुंडाळल्यावर 1864 मध्ये लिव्हिंगस्टनने ‘लेडी न्यासा’ ही आपली छोटी आगबोट थेट हिंदी महासागरात घातली आणि झांजिबारहून 45 दिवसांत मुंबई गाठली. बोट इतकी लहान, की बंदरात ती आल्याची कुणी दखलही घेतली नाही. खलाशी होते झांबेझीकाठचे, ज्यांनी तोवर समुद्र पाहिला नव्हता. त्यांत सुसी नावाचा तरुण होता. चुमा नावाचा मुलगाही बोटीवर होता, त्याला मुंबईतल्या मिशनच्या शाळेत ठेवलं. बोट पुढे मुंबईतच तोट्यात विकली आणि ते पैसे ज्या बँकेत गेले ती बँकही बुडाली. पुढच्या मोहिमेसाठी माणसं हवी होती, ती त्याला मिळाली नाशिकला! गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी शरणपूरला मिशनचा आश्रम आणि शाळा होती. तिथले नऊ जण 1866 मध्ये त्याच्याबरोबर गेले. 1873 मध्ये तो वारल्यावर त्याचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत चुमा, सुसी आणि नाशिकच्या शाळेत शिकलेला जेकब वेनराइट होते. माझं आजोळ नाशिकचं. शरणपूर रोडवरून रिक्षाने मी कितीदा गेलो असेन, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या रात्री शेकोटीपाशी मी हे सगळं गाइडला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो हसला. म्हणाला, “तुमच्या साहेबाला होडीत बसवणाऱ्यांची नावं कुठे लिहिली आहेत का?” त्याच्या गळ्यात सापाच्या आकाराचं लाकडी पदक होतं. न्यामिन्यामी, टोंगा लोकांचा नदीतला देव.

मग त्याने त्याच्या आजीची गोष्ट सांगितली. कारिबाच्या वरच्या खोऱ्यात नदीच्या दोन्ही काठांवर टोंगा लोक राहत. पूर ओसरला की ओल्या गाळात पेरायचं. आपल्याकडे गाळपेर म्हणतात तसंच. पावसाळ्याचं पीक वेगळं. एका काठाची मुलगी दुसऱ्या काठाला दिलेली, त्यामुळे सणाला, मयताला झाडाचं खोड कोरून केलेल्या होडीतून पलीकडे जायचं. आज दोन देशांची सरहद्द असलेली ही नदी त्यांच्या लेखी गावातली गल्ली होती.

1955 मध्ये कारिबाचं काम सुरू झालं. कंत्राटदार इटालियन, वीज मुख्यतः उत्तरेकडच्या तांब्याच्या खाणींसाठी आणि दक्षिणेतल्या कारखान्यांसाठी. 1957 ला मोठा पूर आला, 1958 ला त्याहून मोठा. बांधलेलं वाहून गेलं, तेव्हा टोंगा म्हणाले, न्यामिन्यामी रागावलाय, त्याची बायको भिंतीपलीकडे अडकलीय. धरण झालं तोवर 86 कामगार मेले होते. 1960 मध्ये इंग्लंडच्या राजमातेने उद्घाटन केलं. जलाशय 280 किलोमीटर लांब.

यात सुमारे 57,000 टोंगा उठले. आपल्याकडे त्यासाठी तयार शब्दच आहे, धरणग्रस्त. ट्रकमध्ये भरून त्यांना नदीपासून दूर कोरड्या माळावर नेऊन सोडलं. काहींनी जायला नकार दिला, तेव्हा 1958 च्या सप्टेंबरमध्ये पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ जण मारले गेले. याच सुमारास पाण्याने वेढलेल्या टेकड्यांवर अडकलेली जनावरं सोडवायला रूपर्ट फॉदरगिलची माणसं होड्या घेऊन फिरत होती. ‘ऑपरेशन नोहा’. सहा हजारांवर प्राणी वाचवले, जगभर कौतुक झालं. काम चांगलंच होतं, मी नाही म्हणत नाही. पण गाइड म्हणाला, “हरणांना होडी मिळाली, आजीला ट्रक.” त्यावर आमच्यापैकी कुणी काही बोललं नाही.

पुढे होडीचे दिवस फिरत राहिले. रोडेशियातल्या गोऱ्या राजवटीविरुद्ध लढणारे तरुण झांबियातून ही नदी ओलांडून येत. 1980 ला झिंबाब्वे स्वतंत्र झाला, युद्ध संपलं, तशी त्याच काठावरून गेंड्यांच्या शिंगांसाठी शिकारी टोळ्या येऊ लागल्या आणि या खोऱ्यातला काळा गेंडा संपला. त्याच दशकात खाली मुपाटाच्या घळीत आणखी एक धरण बांधायचं घाटत होतं. त्यात माना पूल्स बुडालं असतं. (माना म्हणजे शोना भाषेत चार. नदीने पात्र बदलल्यावर मागे राहिलेले चार डोह.) लोकांनी विरोध केला, 1984 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात नोंद केली आणि ती योजना बारगळली. म्हणून तिथे आज हत्ती आहेत आणि आमच्यासारखे होडीवालेही.

आमचं माहितीपत्रक या नदीला ‘अस्पर्श’ म्हणत होतं. वास्तविक चिरुंडूला नदीत किती पाणी असेल, हे बरंचसं कारिबाची टर्बाइनं किती चालतात यावर ठरतं. पूर आता पूर्वीसारखे येत नाहीत, गाळ तर भिंतीमागेच राहतो. खाली काफुए येऊन मिळते म्हणून थोडा आधार.

शेवटच्या दिवशी दुपारी आमची होडी वाळूत रुतली. गाइड खाली उतरला, घोटाभर पाण्यात उभा राहून दोर ओढू लागला. मी म्हटलं, पाणी फारच कमी आहे हो. तो म्हणाला, “लुसाकात वीज नाही ना सध्या? मग इथे पाणी कुठून असणार!” आणि मला म्हणाला, तुम्हीही उतरा, वजन कमी होईल. आधी वल्ह्याने दोन्ही बाजूंना टकटक केली, जरा वाट पाहिली, आणि मग मी उतरलो.