न छापलेला बगळा

श्रोतेहो, रेडिओवरून चित्र दाखवायचे म्हणजे मोठी पंचाईत. तेव्हा सुरुवात ओळखीच्या दृश्यानेच करतो. रोह्याहून कोलाडकडे निघालात की धाटाव लागते. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या चिमण्या दिसतात आणि पलीकडे भाताची खाचरे. चिखलणी सुरू झाली की तिथे बगळे उतरतात. वर काळेभोर आभाळ, खाली राखाडी पाणी आणि मध्ये मान आखडून, पावसाचा मार खात उभा राहिलेला एक पांढरा पक्षी.

नेमका असाच बगळा जपानमध्ये ओहारा कोसोन या चित्रकाराने काढला. कोसोन 1877 साली जन्मला आणि 1945 साली वारला. पाने, फुले, पाखरे हेच त्याचे जग. त्याची चित्रे लाकडी ठशांवरून कागदावर छापली जात. गंमत अशी, की त्या चित्रातल्या बगळ्याला पांढरा रंग लावलेलाच नसतो. भोवतीचे काळपट आभाळ छापायचे आणि बगळ्यापुरती जागा ठशावर खोल कोरून काढायची. तिथे शाई लागत नाही, कागद कोरा राहतो. तो कोरा कागद म्हणजेच बगळा!

मग पिसे कशी दिसतात? त्यासाठी आणखी एक ठसा कोरतात आणि त्याला शाई लावतच नाहीत. ओलसर कागद त्यावर ठेवून जोराने दाबतात. कागदावर पिसांच्या रेघा नुसत्या उमटतात, हाताला लागतात. जपानीत याला ‘काराझुरी’ म्हणतात, म्हणजे कोरी छपाई. सुझुकी हारुनोबूच्या काळी, 1765च्या सुमारास, बहुरंगी छपाई बहराला आली. ही युक्ती तेव्हाही वापरात होती.

आता हा बगळा केला कोणी? सही कोसोनची. पण त्याने फक्त चित्र काढले. पारंपरिक पद्धतीत ते पातळ कागदावरचे चित्र जंगली चेरीच्या फळीवर पालथे चिकटवायचे आणि कोरणाऱ्याने कागदासकट लाकूड कोरत जायचे. म्हणजे चित्रकाराचे मूळ रेखाटन कोरण्यातच नाहीसे व्हायचे! पुढे प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून ठशाच्या कडेला दोन खुणा कोरलेल्या असतात. त्या केसभर चुकल्या की चोच एकीकडे आणि पाणी दुसरीकडे. शेवटी छापणारा बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या चकतीने कागदाची पाठ घासतो. आभाळ वर गडद आणि खाली फिकट होत जाते, तेही त्याच्याच हाताचे काम. एवढे असूनही जुन्या चित्रांवर नावे दिसतात ती चित्रकाराची आणि प्रकाशकाची. कोरणाऱ्याचे नाव क्वचित, छापणाऱ्याचे त्याहून क्वचित. मला हे खटकते.

हिरोशी योशिदा या चित्रकाराला या कारागिरीवर स्वतःची नजर हवी होती. 1923च्या भूकंपानंतर त्याने स्वतःची कार्यशाळा उभारली. कोरणारे आणि छापणारे त्याच्या देखरेखीखाली काम करू लागले. काही चित्रांत तीस-तीस वेळा, त्याहूनही अधिक वेळा छपाई होई. हा योशिदा 1930च्या अखेरीस हिंदुस्थानात आला. बरोबर एकोणीस वर्षांचा मुलगा, तोशी. या प्रवासावरून झालेल्या ठसाचित्रांत ताजमहाल आहे, तसेच आपले अजिंठा आणि वेरूळही आहेत. तोशीने पुढे वडिलांची निसर्गदृश्ये सोडून पशुपक्ष्यांकडे मोर्चा वळवला. आफ्रिकेतल्या प्राण्यांची त्याची ठसाचित्रे आणि मुलांसाठी केलेली चित्रपुस्तके नावाजली गेली. अजिंठ्यातले रंगवलेले हंस या मुलाने पाहिले असतील का, असा विचार माझ्या मनात हटकून येतो. त्या हंसांच्या चित्रकाराचेही नाव आपल्यापाशी नाही.

त्याच 1930 साली आपल्या जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यात, किहीमला सालिम अली सुगरणीच्या घरट्यांचे निरीक्षण करीत होते. पक्षी पक्षी म्हणून पाहणारा माणूस आपल्याकडे होता तर! भिंतीवर मात्र पक्षी आला नाही. पुण्याची चित्रशाळा 1878 साली निघाली, राजा रविवर्म्याचा मुंबईतला छापखाना 1894 साली. दगडावरून छापलेल्या स्वस्त चित्रांनी देवदेवता घरोघरी नेल्या. पक्षी तिथेही होते, पण कुणाचे तरी वाहन म्हणून, नाहीतर दमयंतीला निरोप सांगणारा हंस म्हणून. नुसता पावसात भिजणारा बगळा विकत घ्यावा, असे आपल्याकडे कुणाला वाटले नसावे. अर्थात कोसोनची चित्रेही मायदेशापेक्षा अमेरिकेतच जास्त खपली, हेही सांगायला हवे.

यातले एखादे ठसाचित्र संग्रहालयात पाहायला मिळालेच, तर समोर उभे राहून पाहू नका. छापील पुस्तकातल्या नकलेत कोरी छपाई बहुधा हरवते. थोडे बाजूला सरका आणि उजेड तिरपा पडू द्या. मग त्या कोऱ्या कागदावर मानेपासून शेपटीपर्यंत एकेक पीस वर येताना दिसेल.