वामनदादांची बुद्धगीते

लोककवी वामनदादा कर्डक यांचे नाव न ऐकलेले बौद्ध घर महाराष्ट्रात शोधूनही सापडायचे नाही. १४ एप्रिलला मांडवात ढोलकीवर थाप पडली, की कोटी कुळे उद्धरल्याचे त्यांचे गाणे लहान पोरंसुद्धा तोंडपाठ म्हणतात. पण त्याच वामनदादांनी तथागतांवर रचलेली गीते विचारा, दोन-चार म्हाताऱ्या बायांशिवाय कोणी पुढे येणार नाही. आम्ही इथे लिहितो आहोत ते या गीतांविषयी.

दादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडी गावचा. शाळा नशिबी नव्हती. मुंबईला आल्यावर कोळशाच्या वखारीत राबले, खडी फोडली, चिक्की विकली आणि अक्षरओळख झाली ती मोठेपणी. १९४३ साली पहिले गाणे लिहिले. त्यानंतर १५ मे २००४ रोजी निर्वाण होईपर्यंत गाणे थांबले नाही. (जलसेकार भीमराव कर्डक वेगळे आणि वामनदादा वेगळे, हे नव्या मुलांना सांगावे लागते म्हणून सांगतो.)

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. जुने देव घरातून गेले, त्यांच्याबरोबर जुनी भजनेही गेली. पण टाळ, पेटी, ढोलकी तशीच राहिली आणि गळेही तेच. लग्नात, बारशाला, मयताच्या रात्री गायचे काय? त्रिशरण-पंचशील पाली भाषेत. आमच्या आज्या हात जोडून म्हणत, पण अर्थ विचारला तर गप्प बसत. तो अर्थ मराठीत, ओळखीच्या चालीवर घरात आणला तो गाणाऱ्यांनी, आणि त्यांत वामनदादांचा वाटा मोठा.

याला भक्तिगीत म्हणावे का, यावर आमच्या मंडळात दरवर्षी वाद होतो. बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही हे आपण स्वतः म्हटलेले आहे. मग बुद्धाला नवस कसला अन् मागणे कसले? आमच्या मते दादांना हे पक्के ठाऊक होते. त्यांच्या गाण्यातला बुद्ध आकाशातून उतरत नाही, तो माणसांतून चालतो. ऐकणाऱ्याने पाया पडून मोकळे होऊ नये, काहीतरी करावे, असा त्या गाण्यांचा रोख असतो. आजकाल बाजारात बुद्धगीते म्हणून जे मिळते त्यातले बरेचसे जुन्या आरतीतले नाव बदलून केल्यासारखे वाटते. कोणाला राग आला तरी चालेल, पण हे खरे आहे.

दादा गाणे जपून ठेवणारे नव्हते. ज्या वस्तीत मुक्काम, तिथल्या गायकाला गाणे लिहून द्यायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. 'वाटचाल' (१९७३), 'मोहळ' (१९७६), 'हे गीत वामनाचे' (१९७७) हे संग्रह निघाले खरे, पण हजारोंनी रचलेल्या गाण्यांपैकी त्यांत मावली ती थोडीच. बाकीची लोकांच्या वह्यांत आणि गळ्यांत राहिली. शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा येते, तीच काय ती त्यांची सही. पण कार्यक्रमात वेळ कमी पडला की पहिला कात्रीत जातो तो शेवटचा अंतरा. नाव गेले की गाणे कोणाचेही होते. अशी निनावी झालेली गाणी आम्ही स्वतः ऐकली आहेत.

वस्तीत अजून काही घरांत पत्र्याच्या पेटीत, जुन्या लग्नपत्रिकांच्या खाली अशा वह्या आहेत. कागद पिवळा पडलाय, शाई फुटलीय. येत्या वर्षावासात दर रविवारी वंदनेनंतर विहारात गाणी उतरवून घेण्याचे ठरले आहे. वही नसेल तर आजीला घेऊन या. चाल आठवत असेल आणि शब्द अर्धेच, तरी या. फक्त शेवटचे कडवे आठवत असेल तर ते आधी सांगा.