टंचाईने शिकवलेली अदब

कोरेगावसारख्या तालुक्याच्या गावात फोनवरची अदब घडवली ती संस्कारांपेक्षा टंचाईने. ट्रंक कॉलचा हिशेब तीन मिनिटांच्या पटीत. म्हणून मुंबईहून बोलणारा आधी नाव, मग काम सांगे, ख्यालीखुशाली पत्रावर सोडी. नंबर बहुधा शेजाऱ्याचा, ‘पी. पी.’, तेव्हा ‘जरा बोलावता का?’ ही आर्जवी विनंती अटळच. (जेवणाची वेळ टाळायची, तीही शेजाऱ्यासाठी!) कोणी म्हणेल, पत्रांतला साष्टांग नमस्कार फोनच्या आधीचा. खरे आहे, पण पत्रात त्याचे वेगळे पैसे पडत नसत. एसटीडी बूथवर मीटर डोळ्यांसमोर पळू लागला, तसा हा नमस्कारही आखडला. २००३पर्यंत मोबाइलवर आलेल्या कॉलचेही पैसे पडत, म्हणून ‘आत्ता बोलू का?’ विचारणे भाग होते. ते कॉल फुकट झाले, प्रश्नही विरळ झाला. कोरेगावकरांनी तो पुन्हा विचारावा, पैसे वाचत नसले तरी.