गोव्याचा जॅझ कुणाचा?

सुरतेत एका खानदेशी मित्राच्या घरी 'फाइंडिंग कार्लटन' हा माहितीपट पाहिला. सुशील कुरियन यांनी २०११ साली केलेला. कोलकात्यात आयुष्यभर गिटारवर बीबॉप वाजवत राहिलेल्या कार्लटन किट्टोंच्या निमित्ताने तो भारतातल्या जॅझची गोष्ट सांगतो. बीबॉप म्हणजे १९४०च्या दशकातले बंड. तोवर जॅझवर लोक नाचत. या वादकांनी ते बसून ऐकायचे संगीत केले. मित्राने विचारले, "यात तुमच्या गोव्याचा काय संबंध?"

संबंध जवळचा आहे. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. ती विद्या घेऊन पोरे मुंबईला गेली. रात्री हॉटेलांत जॅझ, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत काम. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, त्यांपैकीच. ते सी. रामचंद्रांचे साहाय्यक होते. 'अलबेला' (१९५१) मधली गाणी आठवा, त्या ठेक्यामागे कोण होते ते कळेल!

चिकचे जावई ब्राझ गोन्साल्विस, नेवऱ्याचे सॅक्सोफोनवादक. त्यांनी याच्याही पुढची उडी घेतली. १९७० मध्ये त्यांची 'रागा रॉक' ही ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे लुईस बँक्स आणि कर्नाटक गायिका रमामणी यांच्यासोबत ते युरोपात वाजवून आले. सॅक्सोफोनला कळा असतात. त्यावर मींड काढायची तर ती ओठांनी आणि श्वासानेच सांभाळावी लागते. शिवाय मूळ सुरावट मांडून मग उपज करत जाणे ही जॅझची रीत आपल्या ख्यालाला परकी नाही.

आपल्याकडच्या मराठी लेखनात मात्र गोव्याचे संगीत म्हटले की मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई. हा अभिमान रास्तच. केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला, हेही आपण कौतुकाने सांगतो. पण हळदोणे आणि नेवरा त्या यादीत येत नाहीत. देवळातून आलेले संगीत आपले आणि चर्चमधून आलेले 'त्यांचे', अशी वाटणी नकळत होऊन बसली आहे.

मुंबईच्या स्टुडिओत ही वाटणी नव्हती. तिथे लता मंगेशकरांच्या गाण्यामागे गोव्याचेच व्हायोलिन वाजत होते. गोव्याच्या संगीताचा इतिहास मराठीत लिहायचा, तर तो या दोघांना एकत्र घेऊनच लिहावा लागेल.