स्मृती-शिष्यवृत्ती : सावरणाऱ्या मुलांसाठी

दिवंगत व्यक्तीच्या स्मृतिप्रीत्यर्थ ठेवलेल्या रकमेतून विद्यार्थ्याला मिळणाऱ्या शैक्षणिक साह्यास स्मृती-शिष्यवृत्ती म्हणतात. मूळ रक्कम सहसा मुदत ठेवीत राहते व केवळ व्याजाचे वाटप होते. अशा ठेवींतून बहुधा दहावी-बारावीत प्रथम आलेल्यांचा सत्कार केला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र शाळा सुटलेला, व्यसनात वा वाईट संगतीत सापडलेला, क्वचित बाल न्याय मंडळापुढे उभा राहिलेला आणि आता सावरू पाहणारा मुलगा किंवा मुलगी गुणवत्ता यादीत कधीच दिसत नाही. साह्याची निकड मात्र त्यांनाच अधिक असते.

मृतांसाठी दानधर्म करणे ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या १०३२ व्या परिच्छेदात मृतांसाठी मिस्साबली व प्रार्थना यांबरोबर दानधर्माचाही स्पष्ट उल्लेख आहे. २ नोव्हेंबरला कबरीवर फुले वाहणारे कुटुंब त्याच भावनेने एखाद्या मुलाची फी भरू शकते.

या कार्याचा विचार करताना संत जॉन बॉस्को यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १८४१ साली गुरुदीक्षा झाल्यावर ते संत जोसेफ काफासो यांच्या मार्गदर्शनाखाली तुरीन शहरातील तुरुंगांत जाऊ लागले. सुटून गेलेली मुले पुन्हा तेथेच परतताना त्यांनी पाहिली, कारण बाहेर त्यांना जवळ करणारे कोणी नव्हते. डॉन बॉस्को यांनी उपदेश केलाच. पण कामाची सोयही लावली. ८ फेब्रुवारी १८५२ रोजी एका मुलाला सुताराकडे शिकाऊ म्हणून ठेवताना त्यांनी केलेला लेखी करार आजही उपलब्ध आहे. मुलाने मेहनत करावी, हे त्यात आहेच. पण मालकाने त्याला मारू नये, चुकल्यास शब्दांनीच समज द्यावी, धंद्याबाहेरची कामे सांगू नयेत, रविवार व सणाचे दिवस मोकळे ठेवावेत, वर्षाला पंधरा दिवस सुटी द्यावी, अशी बंधने मालकावरही घातली आहेत. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा कागद शिष्यवृत्तीच्या नियमावल्या तयार करणाऱ्यांनी अवश्य डोळ्यांखालून घालावा. आपल्या नियमावल्यांत मुलाच्या जबाबदाऱ्या भरपूर असतात; देणाऱ्याच्या मात्र क्वचितच.

मिकेले मागोने हा त्यांचाच एक विद्यार्थी. कारमान्योला रेल्वे स्थानकावर १८५७ साली डॉन बॉस्को यांना तो भेटला. वडील वारलेले, वय तेरा वर्षांच्या आसपास आणि उनाड मुलांच्या टोळीचा तो म्होरक्या होता. डॉन बॉस्को यांनी त्याला तुरीनला शिकायला आणले. जानेवारी १८५९ मध्ये तो आजाराने मरण पावला व १८६१ साली त्यांनी त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. त्याची कथा छापील रूपात लोकांपुढे आली ती त्याच्या मृत्यूनंतर, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हयात मुलाच्या बाबतीत आज आपल्या देशाचा कायदाच हात धरतो. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. त्याच्या कलम ७४ नुसार अशा बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा अन्य तपशील वृत्तपत्र, नियतकालिक वा इतर माध्यमांतून प्रसिद्ध करता येत नाही. उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य दाखल्यासाठीही पोलिसांनी ती नोंद उघड करावयाची नाही. कलम ३ मध्ये 'नव्याने सुरुवात' हे तत्त्व घातले आहे, तर कलम २४ अन्वये अशा निर्णयामुळे मुलाला पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. सोळा वर्षांवरील मुलांच्या काही गंभीर प्रकरणांचा यास अपवाद आहे.

तेव्हा व्यासपीठावर बोलावून, हार घालून, 'पूर्वी हा असा होता, आता सुधारला' असे सांगण्याची हौस आवरलीच पाहिजे. देणगीदाराचा हेतू चांगला असतो. पण टाळ्या विरल्यावर त्या मुलाला त्याच गावात राहायचे असते. शिष्यवृत्तीला नाव दिवंगताचे असावे, घेणाऱ्याचे नाव दोन-तीन जबाबदार व्यक्तींपलीकडे जाऊ नये. गरजू कुटुंबांना घरी जाऊन भेटणाऱ्या संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभासदांना अशा गुप्ततेची सवय असते. निवडीत त्यांचा सहभाग उपयुक्त ठरेल.

खर्चाच्या बाबी साध्या असतात. दहावी-बारावीला बाहेरून बसण्यासाठी भरावयाचा १७ नंबरचा फॉर्म, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची फी, आयटीआयचा प्रवेश, हत्यारांची पेटी, बसचा पास. मुक्त विद्यालयात चौदा वर्षे पूर्ण झालेल्यास दहावीसाठी नाव नोंदवता येते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. मध्येच घसरणाऱ्या मुलासाठी ही फार मोठी सवलत आहे. शिष्यवृत्तीनेही तेवढाच धीर धरावा. एका नापास विषयावरून ती बंद करू नये. या सर्वांची वेळापत्रके निरनिराळी असल्याने निधी वर्षभर खुला असणे इष्ट. एक लाखाच्या ठेवीवर सहा टक्क्यांनी वर्षाला सहा हजार रुपये येतात. ते चौघांत वाटण्यापेक्षा एकालाच पुरेसे द्यावेत आणि फी परस्पर संस्थेकडे भरावी.

बालगृहातील मुलांसाठी अठरावे वर्ष विशेष कठीण असते. संस्थेचे दार मागे बंद होते आणि पुढे खोलीचे भाडेही नसते. कायद्याच्या कलम ४६ मध्ये अशा युवकांना आर्थिक साह्य देण्याची तरतूद आहे आणि २१ वर्षांपर्यंत अनुरक्षण सेवेची कल्पना आहे; परंतु सरकारी मदत येईपर्यंतचे पहिले काही महिने कोणी तरी सांभाळावे लागतात. स्मृतिनिधीतून तेवढे सहज होते.

ठेव ठेवणाऱ्या कुटुंबाला वर्षाअखेर हिशेब मिळालाच पाहिजे, तो त्यांचा हक्क आहे. त्यासाठी नाव वा छायाचित्र लागत नाही. 'आपल्या वडिलांच्या निधीतून या वर्षी एका मुलीने दहावीचे तीन विषय सोडवले, दोन बाकी आहेत,' एवढे पत्र पुरते.